विश्वनाथ काशिनाथ राजवाडे
विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३ – ३१ डिसेंबर १९२६) हे मराठी इतिहाससंशोधक, भाषाशास्त्रज्ञ व निबंधकार होते. ते ‘इतिहासाचार्य’ या उपाधीने ओळखले जातात. त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले.

जीवन
राजवाडे यांचा जन्म रायगड जिल्ह्यातील वरसई येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून त्यांनी बी. ए. ची पदवी घेतली व काही काळ शिक्षकाची नोकरी केली. तरुणपणीच पत्नीचे निधन झाल्यावर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. ‘भाषांतर’ हे मासिकही त्यांनी काही काळ चालविले.

साधनसंग्रह
त्या काळी मराठेशाहीची अस्सल कागदपत्रे सार्वजनिक ग्रंथालयांत नव्हे, तर वतनदार, कुलकर्णी व सरदार घराण्यांच्या वाड्यांत पडून होती. वाळवी, पाऊस आणि रद्दीचा बाजार यांमुळे ती झपाट्याने नष्ट होत होती. काही मालक ती दाखविण्यासही तयार नसत. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून अशी दप्तरे मिळविली, त्यांच्या नकला केल्या व त्या छापून सर्वांना उपलब्ध करून दिल्या. पानिपतपूर्व काळातील पत्रांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. या मालेचे एकूण २२ खंड झाले. ज्ञानेश्वरीच्या जुन्या प्रतीचे संपादन, ‘राधामाधवविलासचंपू’ व ‘महिकावतीची बखर’ यांची संपादनेही त्यांनी केली. त्यांच्या काही व्युत्पत्ती व समाजविषयक मते उत्तरकालीन अभ्यासकांनी स्वीकारली नाहीत. संग्राहक म्हणून त्यांचे मोल मात्र निर्विवाद मानले जाते.

संस्था व धुळे
१९१० मध्ये खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पुढे मतभेदांमुळे ते मंडळापासून दूर झाले. धुळ्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा आयुष्यभर जमविलेला संग्रह विखुरण्याची भीती होती. जानेवारी १९२७ मध्येच तेथे राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. या संस्थेने त्यांचे कागद, हस्तलिखिते व ग्रंथ जतन केले, ‘संशोधक’ हे नियतकालिक चालविले आणि त्यांचे समग्र साहित्य प्रसिद्ध केले. त्यामुळे खानदेशातील अभ्यासकांना संशोधनाची मूळ साधने धुळ्यातच पाहता येऊ लागली.