चाँदबीबी : एका घरची चाची, दुसऱ्या घरची फुपी

खुटबाव स्टेशनवरून दौंडकडे जाणारी गाडी धरली की केडगाव, पाटस करत आपण दौंडला पोचतो. तिथून एक लोहमार्ग भीमा ओलांडून नगरकडे जातो. आता त्या शहराला अहिल्यानगर म्हणतात. आमच्या गावातल्या कितीतरी घरांची सोयरीक त्या बाजूला आहे. लग्नकार्याला गेलं की पोरं हट्ट धरतात, चाँदबीबीचा महाल बघायचा. शहराबाहेरच्या डोंगरावर ती उंच अष्टकोनी इमारत दिसते. खरं तर तो महाल नाही आणि चाँदबीबीचाही नाही. निजामशाहीतला वजीर सलाबत खान याची ती कबर आहे. पण लोकांनी ती चाँदबीबीच्या नावाने लक्षात ठेवली, यावरून या बाईची लोकांच्या मनातली जागा कळते.

शाळेच्या पुस्तकात चाँदबीबी दोन-चार ओळींत संपते. हातात तलवार, तोंडावर नकाब, किल्ल्याच्या बुरुजावर उभी. ते खरंच आहे. पण आम्हाला तिची आठवण वेगळ्याच वेळी येते. शाळेत पालकसभा असली की सहीच्या रकान्यात आईच्या जागी कधी फुपीची सही असते, कधी खालाची, कधी दादीचा अंगठा. त्याच बाईच्या घरी म्हातारी सासू अंथरुणाला खिळलेली असते, भावाची मुलं सांभाळायची असतात, आणि सकाळी ऊसतोडीला किंवा शिवणाच्या मशीनवर बसायचं असतं. अशा बाया आमच्या खुटबावात आहेत, तुमच्याही गावात असतील. चारशे वर्षांपूर्वीची ही सुलताना त्यांच्याच जातकुळीतली होती.

चाँदबीबीचा जन्म साधारण १५५० चा. वडील अहमदनगरचे सुलतान हुसेन निजामशाह, आई खुंजा हुमायूँ. तिला अरबी, फारसी, तुर्की, मराठी आणि कन्नड अशा भाषा येत होत्या असं सांगितलं जातं. दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरविरुद्ध एकी करायचं ठरवलं, तेव्हा ती एकी पक्की करायला सोयरीक झाली. चाँदबीबी विजापूरच्या अली आदिलशाहला दिली गेली आणि सोलापूरचा किल्ला हुंड्यात गेला. अलीची बहीण चाँदबीबीच्या भावाच्या, मुर्तजाच्या घरी आली. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली आणि त्याच वर्षी हुसेन निजामशाह वारले.

इथून घराचा भार बायांवर आला. मुर्तजा लहान होता म्हणून आई खुंजा हुमायूँने काही वर्षं कारभार पाहिला. पुढे त्याच मुलाने आईला कैदेत टाकलं. विजापूरला असलेल्या लेकीला ही बातमी कळली असणार. ज्याच्यासाठी झिजलो त्याच्याच हातून असं होऊ शकतं, हे तिला तरुणपणीच दिसलं.

विजापुरात तिचा संसार पंधरा-सोळा वर्षांचा. मूलबाळ झालं नाही. पण नवऱ्याने तिला मान दिला. विजापूरची चाँद बावडी ही मोठी विहीर १५७९ मध्ये त्याने तिच्याच नावाने बांधली. पुढच्याच वर्षी, १५८० मध्ये, अली आदिलशाहचा खून झाला. गादीवर आला त्याच्या भावाचा मुलगा इब्राहिम. वय नऊ वर्षं. चाँदबीबी तेव्हा तिशीतली विधवा. त्या पोराची ती चाची. तिने त्याचं पालनपोषण आणि शिक्षण हाती घेतलं आणि दरबारातही लक्ष घालायला सुरुवात केली.

कारभारी एकापाठोपाठ एक बदलत गेले. कामिल खानने सगळी सत्ता हातात घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने किश्वर खानच्या मदतीने त्याला हटवलं. मग किश्वर खान तसाच निघाला. तिने विरोध केला तर त्याने तिला सरळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून टाकलं. पुढे हबशी सरदारांनी बंड केलं, किश्वर खान पळाला आणि चाँदबीबी सुटून विजापूरला परत आली. तेवढ्यात शेजारच्या फौजांनी विजापूरला वेढा दिला. त्या वेढ्यात तिने लोकांचा धीर टिकवला. वेढा देणाऱ्यांत तिच्या माहेरची, अहमदनगरची फौजही होती. सासरच्या भिंतीच्या आत लहान पुतण्या आणि भिंतीबाहेर भावाचं सैन्य! ती पुतण्याजवळ राहिली.

हाच मुलगा पुढे इब्राहिम आदिलशाह दुसरा म्हणून गाजला. संगीताचा शौकीन, किताब-ए-नवरस लिहिणारा, प्रजेत जगद्गुरू म्हणून ओळखला जाणारा. विजापूरचा इब्राहिम रोजा आजही लोक पाहायला जातात. अशा माणसाचं बालपण कोणाच्या हाताखाली गेलं, हे मात्र थोड्यांनाच माहीत असतं.

काही वर्षांनी इब्राहिमच्या बहिणीचं लग्न मुर्तजाच्या मुलाशी ठरलं. नवरीबरोबर चाँदबीबी माहेरी आली. माहेर पार बदललं होतं. मुर्तजा लोकांपासून तुटून एकटा राहत होता, लोक त्याला दिवाना म्हणत. १५८८ मध्ये त्याच्या मुलानेच त्याचा जीव घेतला आणि पुढच्या वर्षी तो मुलगाही मारला गेला. मग इस्माईल, मग त्याचे वडील बुरहान, मग इब्राहिम निजामशाह. मुर्तजापासून धरलं तर सात वर्षांत पाच सुलतान गेले. इतिहासात ही नुसती यादी आहे. चाँदबीबीसाठी हे दोन भाऊ आणि तीन भाचे होते. एकीचं दुःख सरायच्या आत दुसरी मैयत दारात, अशी गत.

१५९५ मध्ये इब्राहिम निजामशाह लढाईत पडला. मागे राहिला त्याचा तान्हा मुलगा बहादूर, म्हणजे चाँदबीबीच्या भावाचा नातू. मियाँ मंजू या सरदाराने त्या बाळाला बाजूला सारून दुसऱ्याच एका मुलाला गादीवर बसवलं. बहादूरला आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या, जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर ठेवण्यात आलं. सरदारांत भांडणं लागली आणि मियाँ मंजूने मोगलांना मदतीला बोलावलं. नंतर त्याला पस्तावा झाला. पण शहजादा मुराद फौज घेऊन नगरच्या दारात आला होता. मियाँ मंजू निघून गेला आणि किल्ला चाँदबीबीच्या गळ्यात पडला.

तेव्हा ती पंचेचाळीसच्या आसपास होती. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांना सुगावा लागला आणि त्यांनी काही सुरुंग शोधून निकामी केले. एक मात्र उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. लोक पळू लागले. तेव्हा ती चिलखत घालून, तोंडावर नकाब ओढून, हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. दिवसभर लढाई झाली. रात्रीत तिने तो तट पुन्हा उभा करून घेतला.

पण किल्ला एकट्या तिच्या शौर्यावर वाचला नाही, आणि आम्हाला हीच गोष्ट मोलाची वाटते. तिने विजापूरला इब्राहिमकडे मदत मागितली. ज्याला तिने नवव्या वर्षापासून वाढवलं, त्याने सुहेल खानच्या हाताखाली मोठी फौज रवाना केली. ती फौज येत असल्याची खबर, छावणीतली दाणा-वैरणीची टंचाई आणि मोगल सरदारांतली धुसफूस, यामुळे १५९६ मध्ये मुराद तहाला तयार झाला. वऱ्हाड द्यावं लागलं. त्याच्या बदल्यात बहादूर अहमदनगरचा सुलतान मानला गेला. चावंडवरून बाळ नगरला आलं आणि फुपीदादीच्या देखरेखीखाली वाढू लागलं.

पुढची चार वर्षं पुन्हा तीच ओढाताण. तिनेच नेमलेले पेशवे तिच्याच विरुद्ध गेले. तह मोडला, गोदावरीकाठी लढाई झाली. १६०० मध्ये अकबराचा मुलगा दानियाल मोठी फौज घेऊन आला. या वेळी विजापूरकडून फौज येण्याची आशा नव्हती आणि किल्ल्यात फूट होती. तिने हिशोब केला की किल्ला टिकत नाही. तो देऊन मुलाचा जीव वाचवावा आणि त्याला घेऊन जुन्नरकडे जावं, असा तिचा विचार होता. किल्ल्यातल्याच एका सरदाराने ओरड केली की सुलताना मोगलांना फितूर झाली. चिडलेला जमाव महालात शिरला आणि तिला ठार केलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवलं गेलं. तिला ज्याची भीती होती तेच झालं.

वाचकहो, तिच्या शौर्याची गोष्ट मुलांना जरूर सांगा. पण एवढीही गोष्ट सांगा की शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ बसून तिचं म्हणणं ऐकून घेणारं कोणी नव्हतं. वीस वर्षं ती दुसऱ्यांची लेकरं आणि दुसऱ्यांची राज्यं सांभाळत होती. एकदा तिने मदत मागितली आणि ती मिळाली, तेव्हा किल्ला वाचला. दुसऱ्या वेळी ती एकटी पडली, तेव्हा तिला गद्दार ठरवायला लोकांना फार वेळ लागला नाही.

आमच्या घरांतही थोडं असंच चालतं. घरची बाई सगळ्यांचं करते तोवर तिचं कौतुक असतं. एक दिवस ती म्हणाली की आता माझ्याने होत नाही, सासूचं थोडं दिरानेही पाहावं, तर लगेच ती बदलली, ती स्वार्थी झाली. सिलारहमी, म्हणजे नात्यांचा हक्क अदा करणं, ही आपल्या दीनची मोठी शिकवण आहे. पण ती एकाच खांद्यावर टाकायची नाही. आपल्या शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, हे रसूलल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी रात्रंदिवस इबादत करणाऱ्या सहाबींनाही समजावलं होतं. मग रात्रंदिवस घरासाठी राबणाऱ्या बाईला तो हक्क नसेल का?

येत्या जुम्याला घरातले पुरुष नमाजहून आले की जेवायला बसण्याआधी एवढं ठरवावं. दादीला दवाखान्यात कोण नेणार, पोरांचा अभ्यास कोण घेणार, आणि घर सांभाळणाऱ्या त्या बाईची स्वतःची तपासणी, तिची झोप, तिचा एक मोकळा दुपारचा वेळ, हे कोण पाहणार. नगरचा तट एका रात्रीत उभा राहिला, तो चाँदबीबीच्या हुकमाने. पण दगड वाहणारे हात शेकडो होते.

अल्लाह तिची मगफिरत करो, आणि आपल्या घरातल्या चाँदबीबींना ओळखण्याची आपल्याला तौफिक देवो. आमीन.