चिमणीची नोंद

डॉ. सलीम अली हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असतानाच ऐकलेले आहे. नवेगावबांधच्या पक्षी अभयारण्याला त्यांचेच नाव आहे. दर वर्षी 5 ते 12 नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा पहिला दिवस म्हणजे मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि शेवटचा दिवस सलीम अलींचा. चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला काम केले, त्यामुळे ते आपल्या भागाला घरचेच वाटतात. सलीम अली मात्र आपल्यासाठी फोटोतलेच राहिले. पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण आणि खाली लिहिलेले 'थोर पक्षीशास्त्रज्ञ'.

पण हे थोर शास्त्रज्ञ दहा वर्षांचे असताना काय करत होते, हे वाचले तर केशोरीच्या कोणत्याही मुलाला ते ओळखीचे वाटतील. आपल्याकडे गुलेल होती, त्यांच्याकडे छर्‍याची बंदूक होती, एवढाच काय तो फरक. म्हणूनच त्यांची गोष्ट या स्मरणिकेत सांगावीशी वाटली.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. खेतवाडीतल्या त्यांच्या घरी ही भावंडे वाढली. मामा शिकारीचे शौकीन होते. भाच्याच्या हाती छर्‍याची बंदूक आली ती त्यांच्याचकडून. मोठे होऊन नामांकित शिकारी व्हायचे, असे त्या वयात सलीमचे स्वप्न होते.

घरच्या तबेल्याच्या भिंतीत एका खिळ्याशेजारच्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसे आणि नर खिळ्यावर पहारा देई. सलीमने नराला टिपले. थोड्याच वेळात त्या जागी दुसरा नर येऊन बसला. त्यालाही टिपले, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर मारले गेले आणि दर वेळी त्या मादीला नवा जोडीदार मिळत गेला. आज असे कुणी करू नये आणि कायदाही करू देणार नाही. पण त्या मुलाने यापुढे जे केले, ते त्या वयाची मुले सहसा करत नाहीत. त्याने ही हकीकत वहीत लिहून ठेवली. घरटे कुठे होते, नर कुठे बसत होता, किती दिवसांत किती पक्षी मारले, सगळे साध्या शब्दांत. सुमारे साठ वर्षांनी पक्षीनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत ती नोंद जशीच्या तशी छापली गेली, कारण चिमण्यांच्या वागण्याबद्दल ती खरोखर काही सांगत होती.

पुढे एकदा त्याने टिपलेली चिमणी नेहमीसारखी निघाली नाही. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी खायला चालतो की नाही, अशी शंका आली म्हणून तो मामांकडे घेऊन गेला. मामांनाही पक्षी ओळखता आला नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. 1883 मध्ये स्थापन झालेली ही संस्था तेव्हा बहुतांशी इंग्रजांची होती. मामांनी संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि मेलेली चिमणी घेऊन भाच्याला तिकडे पाठवले.

खरे तर नाव सांगून मुलाला परत पाठवणे मिलार्डसाहेबांना सहज शक्य होते. ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे, हे त्यांनी सांगितलेच. पण त्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी संस्थेची कपाटे उघडली आणि खणांमागून खण काढून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. वाचायला पुस्तके दिली. पक्ष्याची कातडी कशी सोलायची, कशी टिकवायची आणि तिच्यासोबत कोणती माहिती लिहून ठेवायची, हे शिकवण्याची व्यवस्था केली. सलीम अलींचे आयुष्य त्या दिवसापासून वळले. म्हातारपणी, 1985 मध्ये, आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्यांनी त्याला नाव दिले 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. शीर्षकात तीच चिमणी होती.

यानंतर सगळे सरळ झाले असे मात्र नाही. शाळेत ते हुशार विद्यार्थी म्हणून कधीच ओळखले गेले नाहीत. तेराव्या वर्षाच्या आसपास डोकेदुखीने इतके हैराण केले की हवापालटासाठी त्यांना सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवावे लागले. 1913 मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेज अर्धवट सोडून ब्रह्मदेशातल्या तवॉय येथे घरच्या खाण आणि लाकूड व्यवसायाकडे गेले. तिथे लक्ष धंद्यात कमी आणि आजूबाजूच्या जंगलात जास्त होते. व्यवसायात जम बसला नाही. मुंबईला परतल्यावर एकीकडे दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब यांचे शिक्षण आणि दुसरीकडे सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्र, अशी ओढाताण चालली. डिसेंबर 1918 मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

झुऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली. ती त्यांना मिळाली नाही, कारण रीतसर पदवी नव्हती. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, येणार्‍यांना माहिती सांगणारा गाइड लेक्चरर म्हणून 350 रुपये पगाराची नोकरी लागली. दोन वर्षांतच आपले ज्ञान अपुरे असल्याचे जाणवून त्यांनी रजा घेतली आणि ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात प्राध्यापक एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली ते शिकले. याच स्ट्रेझमानांना त्यांनी आयुष्यभर गुरू मानले. 1930 मध्ये परतले तर पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली होती. वय चौतिशीकडे झुकलेले, संसार मागे, आणि हाताला काम नाही.

नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नोकरी नसलेल्या माणसाने तो पावसाळा सुगरणींकडे बघण्यात घालवला. बघता बघता जी गोष्ट समोर आली ती तोवर कुणी नीट नोंदवली नव्हती. घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले की माद्या पाहणीला येतात. एखादीला पसंत पडले की ती तिथे राहते आणि नर उरलेले घरटे पूर्ण करतो. ती अंड्यांवर बसली की हा शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो, दुसर्‍या मादीसाठी. आपल्याकडे विहिरीवर झुकलेल्या फांदीला किंवा शिंदीला लोंबणारी सुगरणीची घरटी सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांतली काही अर्धवट का राहतात, याचे उत्तर किहीमच्या त्या वह्यांत मिळते. मादीला ती पसंत पडलेली नसतात.

या कामाने त्यांचे नाव झाले, पोट मात्र भरले नाही. मग त्यांनी एक मार्ग काढला. संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी मी विनावेतन करतो, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या, असे त्यांनी सुचवले. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकेक संस्थाने त्यांनी पालथी घातली. तंबूतल्या त्या मुक्कामांत तेहमिनाही सोबत असत. 1939 मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी राहून त्यांनी उरलेले आयुष्य पक्ष्यांना दिले.

1941 मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' निघाले आणि सामान्य माणसाला चित्र पाहून पक्षी ओळखता येऊ लागला. नंतर अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण झाला. 1959 पासून त्यांच्या पुढाकाराने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम सुरू झाले. कड्यावर क्रमांक आणि संस्थेचे नाव. पक्षी दूरदेशी कुठे सापडला की कळायचे, तो कुठून कुठे गेला. इटियाडोहच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारी बदके हिमालयापलीकडून येतात हे आज आपण सहज बोलून जातो. त्यामागे अशा असंख्य कड्यांची नोंद आहे.

एक प्रसंग त्यांच्या थोरवीच्या गोष्टींत सहसा सांगितला जात नाही. राजस्थानातले भरतपूरचे पाणथळ वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1982 मध्ये तिथे म्हशी चारायला बंदी झाली. बंदी असावी हे सलीम अलींचेही मत होते. गावकर्‍यांचा विरोध झाला, गोळीबारात माणसे गेली. पुढे त्यांच्याच संस्थेने केलेल्या दीर्घ अभ्यासात आढळले की म्हशी चरत होत्या म्हणूनच पाण्यावर गवत माजत नव्हते. बंदीनंतर ते इतके वाढले की पाणपक्ष्यांना जागा उरेना. स्वतः सलीम अलींचे मत एका बाजूला आणि त्यांनी उभ्या केलेल्या पद्धतीने जमवलेल्या नोंदी दुसर्‍या बाजूला. संस्थेने नोंदी मांडल्या. जंगलाला लागून राहणार्‍या, गुरे चारणार्‍या आपल्या भागाने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पद्मभूषण, पद्मविभूषण, 1985 मध्ये राज्यसभेवर नियुक्ती, असे सन्मान त्यांना मिळत गेले. गेटी पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. नावामागचे 'डॉ.' मानद होते. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ज्यांना एकेकाळी नाकारले, त्यांना विद्यापीठांनी नंतर आपण होऊन डॉक्टरेट दिली. 20 जून 1987 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

माझे काम संगणकावर माहिती साठवण्याचे आहे. ज्या नोंदीला तारीख नाही, ठिकाण नाही, ती आमच्याकडे कामाला येत नाही. सलीम अलींच्या बालपणीच्या त्या चिमणीच्या नोंदीकडे मी म्हणूनच वेगळ्या नजरेने बघते. आपल्या गोंदिया जिल्ह्यातले सारस दर वर्षी मोजले जातात. मोजले जातात म्हणून ते घटत आहेत हे ठामपणे सांगता येते, आणि म्हणूनच 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. पण केशोरीच्या बोड्यांत आपल्या लहानपणी किती पाणकोंबड्या होत्या, धानाच्या बांध्यांत किती बगळे उतरत, शाळेजवळच्या झाडांवर सुगरणीची किती घरटी लोंबत? आज कुणालाही सांगता येणार नाही. पूर्वी खूप होते, एवढेच आपण म्हणतो. त्या 'खूप'ला कोणी दाद देत नाही.

या मेळाव्यात शाळेला काय भेट द्यावी, यावर आपली चर्चा चालू आहे. पंखे आणि कपाट तर देऊच. सोबत दोन दुर्बिणी, पक्ष्यांची ओळख करून देणारे एक मराठी पुस्तक आणि एक जाड नोंदवही द्यावी, असे मला वाटते. वहीत चारच रकाने पुरेत: तारीख, ठिकाण, पक्षी, संख्या. पक्ष्याचे नाव माहीत नसेल तर गावात म्हणतात ते लिहावे. गुलेल घेऊन धुर्‍यावर हिंडणारा मुलगा पक्ष्यांकडे सगळ्यात जास्त वेळ बघत असतो. रागावण्याआधी त्याच्या हाती ती वही द्यावी.