जैन बोर्डिंगमधून काढलेल्या पोरानं सगळ्या जातींचं बोर्डिंग कसं उभं केलं?

पुण्यात शिकायला गेलेल्या भूम, परंडा, वाशीकडच्या पोरांना कमवा व शिका हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. सकाळी कॉलेजच्या बागेला पाणी घालायचं, लायब्ररीत पुस्तकं लावायची, ऑफिसातल्या फायली आवरायच्या आणि तासांच्या हिशेबानं मिळालेल्या पैशांत मेसचं बिल भागवायचं. पुणे विद्यापीठात या योजनेचं पूर्ण नाव कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना असं आहे.

भाऊराव पाटील म्हटलं की आपल्याला शाळेच्या भिंतीवरचा पांढऱ्या दाढीचा फोटो आठवतो. त्याखाली लिहिलेलं असतं, रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक. त्यामुळे त्यांची गोष्ट शाळांची गोष्ट आहे असं वाटतं. खरं तर ती आधी होस्टेलची गोष्ट आहे. एका होस्टेलमधून त्यांना बाहेर काढलं आणि पुढचं आयुष्य त्यांनी होस्टेलं काढण्यात घालवलं.

अमेरिकन सिनेमांमध्ये कॉलेजच्या पोरांची ती मोठी घरं तुम्ही पाहिली असतील. दारावर ग्रीक अक्षरं, आत येणाऱ्याची परीक्षा, आणि एकदा आत घेतलं की जन्मभराचे भाऊ. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात होती. तिथे बोर्डिंगच्या पाटीवर ग्रीक अक्षरांऐवजी जातीचं किंवा धर्माचं नाव असायचं.

मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, दैवज्ञ बोर्डिंग, नामदेव शिंपी बोर्डिंग. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात झाली आणि पुढच्या वीस वर्षांत राजर्षी शाहू महाराजांच्या मदतीनं अशी वीसेक वसतिगृहं उभी राहिली. आजही कोल्हापूरच्या दसरा चौकात गेलात तर आजूबाजूला यातल्या काहींच्या इमारती दिसतात.

आता प्रश्न पडतो, की जात मोडायला निघालेल्या राजानं जातीवार होस्टेलं का काढली? कारण सगळ्यांसाठी एकच असा प्रयोग आधी होऊन गेला होता. राजाराम कॉलेजला जोडलेलं वसतिगृह कागदावर सर्वांना खुलं होतं, प्रत्यक्षात ते जवळपास ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतंच उरलं. खेड्यातून आलेल्या बाकीच्या पोरांना शहरात भाड्यानं खोली मिळायची नाही आणि जेवायला कुणाची पंगत मिळायची नाही. मग महाराजांनी वेगळा हिशेब मांडला. ज्या त्या समाजाला जागा द्यायची, पैसे द्यायचे आणि कारभार त्याच समाजाच्या लोकांवर सोपवायचा. पोरं आधी शहरात टिकली पाहिजेत, बाकीचं नंतर बघू. त्या काळात हे शहाणपणाचंच होतं. पण या व्यवस्थेत प्रत्येक बोर्डिंगचं स्वयंपाकघर वेगळं राहिलं आणि त्या चुलीचे नियमही वेगळे राहिले. भाऊराव नेमके तिथे अडकले.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. घर दिगंबर जैन. भूमकरांना हे सांगायला कुंथलगिरीचं नाव पुरेसं आहे. आपण खव्यासाठी ओळखतो ते कुंथलगिरी याच समाजाचं मोठं तीर्थक्षेत्र आहे. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत, त्यामुळे बदल्या होत राहायच्या. भाऊराव अंगानं दणकट होते, कुस्तीची आवड होती, अभ्यासात मन कमी. लहानपणी एका विहिरीवर दलितांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी तिथला रहाटच मोडून टाकला, अशी गोष्ट सांगतात.

पुढे कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातलं आणि राहायची सोय अर्थातच दिगंबर जैन बोर्डिंगात झाली. तिथले प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे. लठ्ठे म्हणजे कुणी कर्मठ भटजी नव्हते. इंग्रजी शिकलेले, समाजसुधारक, पुढे महाराजांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले गृहस्थ. पण बोर्डिंगात सोवळ्याचे नियम होते आणि ते पाळायचे म्हणजे पाळायचे.

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू झालं. मिस क्लार्क म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी. भाऊराव त्या उद्‍घाटनाला गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं की शुद्धीसाठी अंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही. त्यांनी अंघोळीला नकार दिला. बोर्डिंग सुटलं.

मग शाहू महाराजांनीच त्यांना आसरा दिला. शाळेचं गाडं मात्र पुढे सरकलं नाही. इंग्रजी सहावीत ते नापास झाले. महाराजांनी शिक्षकांकडे शब्द टाकून पाहिला, तेव्हा मास्तर म्हणाले की हा ज्या बाकावर बसतो तो बाक पुढच्या वर्गात घालतो, पण याला नाही, असा किस्सा कोल्हापूर-साताऱ्याकडे अजून ऐकायला मिळतो. हजारो पोरांना मॅट्रिकच्या पुढे नेणाऱ्या माणसाचं स्वतःचं शिक्षण असं मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलं.

लठ्ठ्यांशी त्यांची गाठ पुन्हा पडली. १९१४ मध्ये कोल्हापुरात सातवा एडवर्ड आणि राणीच्या पुतळ्यांना कुणीतरी डांबर फासलं. पोलिसांचा रोख लठ्ठ्यांवर होता आणि भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून दबाव आला. ज्यानं आपल्याला बोर्डिंगमधून काढलं त्याचा हिशेब चुकता करायची यापेक्षा सोपी संधी कुठली? भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही आणि त्यापायी तुरुंग सोसला. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा प्रसंग आहे. होस्टेलचा राग त्यांनी नियमावर ठेवला, माणसावर नाही.

यानंतर काही वर्षं ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरले. लोखंडी नांगरानं जमीन बिघडते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यांची समजूत काढणं हेच काम. पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यातही गेले, तिथे फार काळ पटलं नाही. नोकरीतून घर भागलं, पण त्याहून मोठी कमाई झाली ती गावांची. कुठल्या गावात हुशार पोरगं गुरं राखतंय, कुठला पाटील शब्दाला जागतो, कुठे दुष्काळ आहे, हे सगळं त्यांना पाठ झालं.

बोर्डिंगचा पहिला प्रयत्न त्यांनी १९१० च्या सुमाराला सहकाऱ्यांसोबत दूधगावात करून पाहिला होता. मग ४ ऑक्टोबर १९१९ ला, दसऱ्याच्या दिवशी, कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. तिथे पहिलं काम म्हणून शाळा निघाली नाही, वसतिगृह निघालं. शाळा थोड्याफार होत्या. पण ज्या गावात शाळा नाही तिथल्या पोरानं तालुक्याला येऊन झोपायचं कुठे आणि खायचं काय, हा खरा अडसर होता.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथलं बोर्डिंग सुरू झालं. धनिणीची बाग हे त्याचं पुढचं ठिकाण. २५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिलं गेलं. महाराज जाऊन तेव्हा पाच वर्षं होत आली होती. ज्यांनी जातीवार बोर्डिंगं काढली त्यांच्याच नावाचं हे बोर्डिंग सगळ्या जातींचं होतं, आणि यात विरोधाभास आहे असं भाऊरावांना कधी वाटलं नाही. महाराजांनी पोरांना शहरापर्यंत आणलं होतं, आता त्यांना एका पंगतीला बसवायचं होतं.

हे घर चालायचं कसं, ते बघण्यासारखं आहे. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण, जो येईल तो एकाच स्वयंपाकघरातलं जेवायचा. आचारी ठेवायला पैसे नव्हते, म्हणून पोरंच पाळीपाळीनं भाकऱ्या थापायची. यात पैशांची बचत होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुणाच्या हातची भाकरी आपण खातोय हे विचारायची सोयच उरायची नाही. जात मोडायची म्हणून भाषण द्यावं लागत नव्हतं. पाळी कुणाची आहे ते फळ्यावर बघितलं की झालं.

फी नव्हती, पण फुकटही काही नव्हतं. पाणी भरणं, झाडलोट, भाजीपाला पिकवणं, शेतात राबणं, दगड फोडणं, बांधकाम, सगळं पोरांच्या वाट्याला. धान्यासाठी मुष्टिफंड. दळायला बसलेल्या बाईनं एक मूठ धान्य बोर्डिंगसाठी बाजूला काढायचं आणि ते गोळा करून आणायचं. घरटी एक मूठ कुणाला जड नसते. त्यामुळे दुष्काळी गावातली गरीब बाईसुद्धा या संस्थेची देणगीदार झाली आणि साहजिकच आपलं पोरगं तिथे पाठवायला तिला संकोच वाटेना.

मुठीमुठीनं आलेलं धान्य रोज पुरायचंच असं नाही. अशा वेळी लक्ष्मीबाई पुढे यायच्या.

लक्ष्मीबाई भाऊरावांच्या पत्नी. माहेर कुंभोजच्याच सधन पाटलांचं, अंगावर भरपूर सोनं घेऊन आलेल्या. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईला सगळ्या जातींची पोरं घरात जेवताना बघणं सुरुवातीला सोपं गेलं नसणार. पण पुढे त्यांनी त्या पोरांना आईसारखं सांभाळलं. एकेक दागिना मोडत गेला. एकदा बोर्डिंगात धान्याचा कण नव्हता, भाऊराव गावाला गेलेले, आणि लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र दिलं, असं सांगितलं जातं. भाऊरावांना कर्मवीर ही पदवी लोकांनी दिली. मंगळसूत्र देणाऱ्या बाईला लोक रयतमाउली म्हणू लागले. १९३० मध्ये त्या गेल्या.

१९३२ मध्ये पुणे करार झाला. सवर्ण आणि दलितांमधल्या त्या समझोत्याची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात बोर्डिंग काढलं आणि त्याला नाव दिलं युनियन बोर्डिंग हाऊस. कराराची आठवण म्हणून कुणी पुतळा उभारला असता, यांनी पोरांच्या राहण्याजेवणाची सोय केली.

पुढचा प्रवास बऱ्याच जणांना माहीत असतो. १९३५ मध्ये शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज, १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, जिथे राहून आणि कष्ट करून मोफत शिकता यायचं, आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. गांधीहत्येनंतर त्यांनी गांधीजींच्या नावानं १०१ हायस्कूलं काढायचा संकल्प केला. त्याच सुमाराला सरकारवर टीका केली म्हणून संस्थेचं अनुदान बंद झालं. ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे रदबदली केली. कऱ्हाडच्या कॉलेजला १९५४ मध्ये गाडगे महाराजांचं नाव मिळालं.

हे सगळं चाललं तेव्हा आपलं भूम कुठे होतं? १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. रयतची गावं इंग्रजी मुलखात आणि आपण सरहद्दीच्या या बाजूला. शिकायचं म्हटलं की शेजारच्या बार्शीचा रस्ता धरायचा, कारण बार्शी सोलापूर जिल्ह्यात म्हणजे इंग्रजी हद्दीत. तिथे १९३४ मध्ये मामासाहेब जगदाळ्यांनी शिक्षणसंस्था उभी केली. लोक त्यांनाही कर्मवीरच म्हणतात.

१९५९ च्या जानेवारीत भाऊरावांना पद्मभूषण मिळालं. सहावी नापास झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठानं त्याच वर्षी डी. लिट. दिली. ९ मे १९५९ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. तोवर संस्थेची ३८ वसतिगृहं आणि शंभरावर हायस्कूलं झाली होती.

लक्ष्मीबाईंचं नाव रयतनं नंतर एका कॉलेजला दिलं. ते सोलापुरात आहे आणि मुलींचं आहे.