फादर सांतापाव आणि खंडाळ्याची वनश्री

आमच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी अंकात ज्यांनी चर्च बांधली, शाळा काढल्या, अशा धर्मगुरूंचे स्मरण प्रथम व्हावे हे योग्यच होय. परंतु लोणावळे-खंडाळ्याच्या डोंगरांत वर्षानुवर्षे झाडपाला गोळा करीत हिंडलेल्या एका येशूसंघीय धर्मगुरूस विसरणे आम्हांस बरे वाटत नाही.

फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा जन्म स्पेन देशातील तारागोना प्रांतात 5 डिसेंबर 1903 रोजी झाला. येशूसंघात प्रवेश केल्यावर 1928 साली ते हिंदुस्थानात आले. पुढे लंडनास वनस्पतिशास्त्राचे उच्च अध्ययन करून 1940 पासून ते मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात तो विषय शिकवू लागले. फादर ब्लॅटर या स्विस येशूसंघीयांनी तेथे वनस्पतिसंग्रहाचा पाया घातलेला होता. तो वारसा यांनी पुढे चालविला.

खंडाळ्यास हवा खाण्यास जाणारे पुष्कळ. फादर मात्र तेच डोंगर निरनिराळ्या ऋतूंत पुनःपुन्हा पाहत. या पुनःपुन्हा पाहण्यातच त्यांच्या कार्याचे मर्म आहे, असे आम्ही समजतो. कारवीचेच पाहा. तिच्या काठ्यांचे कूड आपल्या मावळात घरोघर असत, पण ती सर्वत्र एकदम फुलते ती सात वर्षांनी, आणि बी धरून मरून जाते. एकदाच येणाऱ्यास तिचे फूल दिसेलच असे नाही, आणि फुलावाचून वनस्पतीची ओळख निश्चित होत नाही. कळलावीसारख्या औषधी (आणि तितक्याच विषारी) वेली तर पावसाळ्यात उगवून हिवाळ्यापूर्वीच दिसेनाशा होतात. उरतो तो जमिनीतील कंद.

नमुना घेण्याची रीतही सोपी नव्हे. फुलाफळांसहित फांदी कागदांत दाबून वाळवावी लागते. जेथे वर्षास 4,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे हे कागद वरचेवर बदलले नाहीत तर सर्वांस बुरशी येते. वाळल्यावर फुलाचा रंग व गंध जातो, म्हणून तो जागीच टिपून ठेवावयाचा. स्थळ आणि तारीखही लिहावयाची. खरपुडीसारख्या दुर्मिळ वेलीचा कंद उपटला तर वेलच संपते. म्हणून आजूबाजूस किती वेली आहेत हे आधी मोजणे भाग असते. हे कष्ट सोसल्यावाचून केलेली नामावली आमच्या मते व्यर्थ होय.

या श्रमांतून खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ 1953 साली निघाला. पुरंदरच्या वनस्पतींवरही त्यांनी लिहिले. पुढे ते भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले, व 1967 साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. पदव्यांचा विस्तार येथे करीत नाही.

आज त्याच उतारांवर बंगले आणि रुंद रस्ते झाले आहेत. कोणती वनस्पती येथे पूर्वी होती व आता नाही, असा प्रश्न निघाला म्हणजे स्मरणावर विसंबून चालत नाही. मुंबईच्या त्या संग्रहातील जुने कागद काढून त्यांवरील स्थळ व तारीख पाहावी लागते, आणि मग त्याच ऋतूत त्याच जागी जाऊन शोध घ्यावा लागतो. जे राखावयाचे ते कोठे होते हेच ठाऊक नसेल तर राखणार काय?

13 जानेवारी 1970 रोजी फादर प्रभूच्या घरी गेले. सह्याद्रीतील खरपुडीच्या एका जातीस शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे.