वीस वर्षांचा गणिती

पॅरिस शहराच्या दक्षिणेला बूर-ला-रेन नावाचे एक लहानसे गाव होते. त्या गावात २५ ऑक्टोबर १८११ रोजी एव्हारिस्त गाल्वाचा जन्म झाला. त्याचे वडील एक निवासी शाळा चालवत. १८१५ साली ते गावाचे नगराध्यक्ष झाले. ते हसतमुख होते आणि गमतीदार कविता करण्याचा त्यांना छंद होता. आई विद्वान घराण्यातली होती. तिला लॅटिन व ग्रीक या जुन्या भाषा चांगल्या येत. एव्हारिस्त बारा वर्षांचा होईपर्यंत तिनेच त्याला घरी शिकवले.

१८२३ साली त्याला पॅरिसमधल्या लुई-ल-ग्रां या प्रसिद्ध शाळेत घातले. शाळा मोठी होती, पण शिस्त फार कडक होती. पहिली काही वर्षे त्याने भाषा विषयांत बक्षिसे मिळवली. मग त्याचे मन अभ्यासातून उडाले. १८२७ साली त्याला एक इयत्ता खाली बसवण्यात आले. कोणत्याही मुलाला हा अपमान वाटला असता. परंतु त्याच वेळी तो पहिल्यांदा गणिताच्या वर्गात जाऊन बसला आणि त्याचे आयुष्यच बदलले. लजांद्र यांचे भूमितीचे पुस्तक त्याने एखाद्या गोष्टीच्या पुस्तकासारखे वाचून काढले. नंतर तो लाग्रांज या थोर गणितज्ञाचे मूळ ग्रंथ वाचू लागला. इतर विषयांचे शिक्षक त्याच्याविषयी तक्रार करत. रिशार नावाच्या गणिताच्या शिक्षकांनी मात्र या मुलाची बुद्धी ओळखली.

गाल्वाला ज्या प्रश्नाने वेड लावले तो प्रश्न फार जुना होता.

बीजगणिताला तुम्ही उर्दूत अलजब्रा म्हणता. हा शब्द नवव्या शतकात बगदाद येथे अल्-ख्वारिझ्मी यांनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातून आला आहे. त्या ग्रंथात वर्गसमीकरणे सोडवण्याच्या रीती दिल्या आहेत. उमर खय्याम यांना आपण रुबायांमुळे ओळखतो, पण ते मोठे गणितज्ञही होते. ज्या समीकरणांत अज्ञात संख्येचा घन येतो ती समीकरणे त्यांनी भूमितीच्या मदतीने सोडवली. पुढे सोळाव्या शतकात इटलीतील गणितज्ञांनी तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांची सूत्रे शोधून काढली. ती १५४५ साली छापली गेली. आता पाचव्या घाताचे सूत्र मिळायचे राहिले होते. पावणेतीनशे वर्षे लोक ते शोधत होते.

शाळेत असताना गाल्वाला वाटले की आपल्याला ते सूत्र सापडले. थोड्याच दिवसांत त्याला स्वतःची चूक कळली. नॉर्वे देशातील आबेल या तरुणाचीही आधी अशीच फसगत झाली होती. नंतर १८२४ साली आबेलने सिद्ध केले की पाचव्या घाताच्या सर्व समीकरणांना लागू पडेल असे सूत्र असूच शकत नाही. म्हणजे केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ, घनमूळ यांसारखी मुळे वापरून ते लिहिता येत नाही. तरीही एक गोष्ट उरली होती. पाचव्या घाताची काही समीकरणे सुटतात आणि काही सुटत नाहीत. कोणते सुटेल हे कसे ओळखायचे?

गाल्वाने उत्तरांच्या मागे धावणे सोडून दिले. उत्तरांची आपसांत अदलाबदल केली तर काय बिघडते आणि काय तसेच राहते, हे तो पाहू लागला. लाग्रांज यांच्या लेखनात या विचाराची सुरुवात होती. गाल्वाने तो शेवटपर्यंत नेला.

एक उदाहरण पाहू. अशा दोन संख्या शोधा की ज्यांची बेरीज ४ आणि गुणाकार १ आहे. त्यांपैकी एक संख्या २ अधिक ३ चे वर्गमूळ आणि दुसरी २ उणे ३ चे वर्गमूळ अशी येते. आता पहिलीच्या जागी दुसरी आणि दुसरीच्या जागी पहिली ठेवा. बेरीज ४ च राहील, गुणाकारही १ च राहील. मात्र पहिलीतून दुसरी वजा केली तर उत्तराचे चिन्ह बदलेल. समीकरणाला फक्त बेरीज आणि गुणाकार माहीत आहेत. म्हणून या दोन संख्यांत पहिली कोणती आणि दुसरी कोणती, हे त्याला सांगता येत नाही.

दोनऐवजी तीन वस्तू घेऊ. बाकावर उर्दू, मराठी आणि गणित ही तीन पुस्तके एका ओळीत ठेवा. ती एकूण सहा प्रकारे मांडता येतात, म्हणून काहीही न हलवणे धरून अदलाबदलीही सहाच. आता एक अदलाबदल करून तिच्या पाठोपाठ दुसरी करा. जे घडेल ते त्या सहांपैकीच एखाद्या अदलाबदलीने एकदम करता आले असते. सहांच्या बाहेर आपण जात नाही. दोन संख्यांची बेरीज करून जशी तिसरी संख्या मिळते, तशी इथे दोन अदलाबदलींपासून तिसरी मिळते. पुस्तके न हलवणे हीसुद्धा एक अदलाबदलच मानायची. बेरजेत शून्याचे जे काम, तेच इथे तिचे. शिवाय केलेली प्रत्येक अदलाबदल उलट करून पुस्तके पूर्वीच्या जागी आणता येतात. तीन अदलाबदली एकापाठोपाठ करायच्या असतील, तर आधी पहिल्या दोन एकत्र धरा किंवा नंतरच्या दोन, परिणाम एकच होतो. ज्या समूहात हे चारही नियम पाळले जातात, त्याला गणितात गट म्हणतात. हा शब्द गाल्वाने वापरात आणला.

मात्र एका बाबतीत हा गट बेरजेपेक्षा वेगळा आहे. आधी पहिल्या दोन जागांवरची पुस्तके बदला आणि मग शेवटच्या दोन जागांवरची. ओळ मराठी, गणित, उर्दू अशी होते. आता पुस्तके पुन्हा पहिल्यासारखी लावून हीच कामे उलट क्रमाने करा. ओळ गणित, उर्दू, मराठी अशी येते. बेरजेत क्रम बदलला तरी चालते. इथे चालत नाही. हे बाकावर एकदा स्वतः करून पाहावे, नुसते वाचून त्याची मजा कळत नाही.

गाल्वाने दाखवले की समीकरणाचे सुटणे न सुटणे त्याच्या गटावर अवलंबून असते. तीन वस्तूंच्या ६ अदलाबदलींचा गट मोडत मोडत ६ वरून ३ वर आणि ३ वरून १ वर आणता येतो. चार वस्तूंचा गट २४ वरून १२, मग ४, मग २ आणि १ असा खाली येतो. आकडा निम्मा होतो तिथे वर्गमूळ काढायचे, तिसरा हिस्सा होतो तिथे घनमूळ. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या घाताची सूत्रे मिळाली. पाच वस्तूंच्या अदलाबदली १२० असतात. तिथून ६० वर येता येते, पण ६० चा तो गट पुढे अशा रीतीने मोडतच नाही. जिना मध्येच तुटतो. ज्या समीकरणाचा गट असा अडतो, ते या रीतीने सुटत नाही.

हे सर्व त्याला विसाव्या वर्षाच्या आतच सुचले होते. परंतु ते लोकांपर्यंत पोहोचवणे त्याला जमले नाही.

एकोल पोलितेक्निक या नामांकित महाविद्यालयात जाण्याची त्याची फार इच्छा होती. १८२८ साली तो प्रवेश परीक्षेत नापास झाला. पुढच्या वर्षी जुलै महिन्यात घरावर मोठे संकट आले. गावातील विरोधकांनी वडिलांच्या नावावर खोट्या कविता पसरवून त्यांची बदनामी केली होती. ती सहन न होऊन त्यांनी आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एव्हारिस्त दुसऱ्यांदा परीक्षेला बसला आणि पुन्हा नापास झाला. तो बरेचसे गणित मनातच करी आणि मधल्या पायऱ्या सांगण्याचा त्याला कंटाळा असे. परीक्षकांना तर पायऱ्याच हव्या असतात.

त्याने आपले लेख पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठवले होते. ते कोशी या गणितज्ञाकडे गेले. कोशी यांनी ते हरवले असे पूर्वी पुष्कळ पुस्तकांत लिहीत. पण जानेवारी १८३० मधील त्यांचे एक पत्र नंतर सापडले. त्यावरून ते या लेखांविषयी अकादमीत बोलणार होते असे दिसते. त्या दिवशी प्रकृती बरी नसल्यामुळे ते गेले नाहीत आणि तो विषय मागे पडला. गाल्वाने नवा लेख लिहून फूरिये यांच्याकडे दिला. मे महिन्यात फूरिये वारले आणि तो लेख पुन्हा सापडला नाही. तिसऱ्यांदा लिहिलेला लेख प्वासाँ यांनी तपासला. मांडणी स्पष्ट नाही आणि पुरेशी पूर्णही नाही, असे सांगून त्यांनी जुलै १८३१ मध्ये तो परत केला. प्वासाँ यांना दोष देणे सोपे आहे. पण तो लेख खरोखरच फार थोडक्यात लिहिलेला होता, हेही मान्य करायला हवे.

त्या काळात फ्रान्समध्ये राजकीय धामधूम चालू होती. १८३० च्या जुलैमध्ये पॅरिसच्या लोकांनी राजाविरुद्ध उठाव केला. गाल्वा तेव्हा शिक्षक तयार करणाऱ्या एका संस्थेत शिकत होता. संचालकांनी विद्यार्थ्यांना आत कोंडून ठेवले. नंतर गाल्वाने वर्तमानपत्रात त्यांच्यावर टीका केली आणि त्याला संस्थेतून काढून टाकण्यात आले. राजाची सत्ता जाऊन लोकांचे राज्य यावे असे त्याला वाटे. त्यासाठी तो दोनदा पकडला गेला. पहिल्या वेळी तो निर्दोष सुटला, दुसऱ्या वेळी त्याला तुरुंगवास झाला. प्वासाँ यांचा नकारही त्याला तुरुंगातच समजला. एप्रिल १८३२ च्या अखेरीस त्याची सुटका झाली.

पुढच्याच महिन्यात एका तरुणीवरून झालेल्या वादातून त्याला द्वंद्वयुद्धाचे आव्हान मिळाले. द्वंद्वयुद्धात दोन माणसे पिस्तूल घेऊन समोरासमोर उभी राहत. नकार देणाऱ्याला लोक भित्रा समजत. त्या खोट्या अभिमानापायी तेव्हा अनेकांचे प्राण गेले.

२९ मे १८३२ च्या रात्री गाल्वाने आपला मित्र शव्हालिये याला एक लांब पत्र लिहिले. त्या एका रात्रीत त्याने सगळा शोध लावला अशी गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. ती ऐकायला छान वाटते, पण खरी नाही. मुख्य लेख आधीच लिहिलेला होता. त्या रात्री त्याने तो पुन्हा वाचला, काही दुरुस्त्या केल्या आणि एके ठिकाणी समासात आपल्याजवळ वेळ नसल्याची नोंद केली. आपले काम खरे आहे की नाही यापेक्षा ते महत्त्वाचे आहे की नाही, यावर मोठ्या गणितज्ञांचे मत जाहीरपणे विचारावे, असे त्याने मित्राला पत्रात कळवले.

३० मे रोजी सकाळी त्याच्या पोटात गोळी लागली. त्याला कोशँ रुग्णालयात नेले. धाकटा भाऊ आल्फ्रेद जवळ बसून रडत होता. एव्हारिस्तने त्याला रडू नकोस म्हणून समजावले. ३१ मे रोजी तो मरण पावला. त्याला पॅरिसमधील मोंपार्नास कबरस्तानात सर्वसाधारण जागेत पुरले. आज त्या कबरीची खूणही उरलेली नाही.

शव्हालिये आणि आल्फ्रेद या दोघांना त्यातले गणित समजत नव्हते, तरी त्यांनी एव्हारिस्तचे कागद गोळा केले. ते हाताने उतरवून गणितज्ञांकडे पाठवले. अनेक वर्षे कोणाचे उत्तर आले नाही. शेवटी ल्यूव्हील नावाच्या गणितज्ञाने ते कागद नीट वाचले आणि १८४३ साली अकादमीत उभे राहून गाल्वाचा शोध बरोबर असल्याचे जाहीर केले. १८४६ साली ते सर्व लेख छापून आले. तोवर गाल्वाला जाऊन चौदा वर्षे झाली होती. त्याचे मूळ हस्तलिखित, समासातल्या त्या नोंदीसह, पॅरिसमधील फ्रान्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जपून ठेवले आहे.