चित्रपती व्ही. शांताराम

गत स्नेहसंमेलनाच्या वेळी वरच्या वर्गांतील काही मुलांनी मोबाइलवर एक गीत चित्रित करून आम्हांस दाखविले. विषय आपल्या वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याचा होता व गाणारा मुलगाही तशाच घरचा होता. गळा सुरेल, परंतु चित्र कधी गच्चीवरून खाली, कधी वहाणांजवळून वर, तर कधी गाणाऱ्याभोवती गरगर फिरत होते. असे का, म्हणून विचारता चांगले दिसते एवढेच उत्तर मिळाले. गच्चीवरून घेतलेल्या चित्रात तो शेतकरी मुंगीएवढा दिसत होता, आणि काही मुले त्यास हसली. गाणाऱ्या मुलाने मान खाली घातली, ती आमच्या दृष्टीस पडल्यावाचून राहिली नाही. त्या दिवशी आम्हांस कै. शांताराम यांचे स्मरण झाले.

अकोटच्या बाजारात कापसाची गाडी उभी असते. ती उंचावरून पाहिली तर नुसता माल दिसतो, धुरकऱ्याच्या खांद्याशी उभे राहून पाहिली तर त्याची चिंता दिसते. गाडी तीच, पाहणाराची जागा बदलली. नरनाळ्याच्या पायथ्याशी उभे राहून मान वर करावी म्हणजे किल्ला आपल्यावर सत्ता गाजवितो. वर चढून खाली पाहावे म्हणजे तीच सत्ता आपल्या अंगी आल्यासारखी वाटते. कॅमेरा ठेवणाऱ्यास ही गोष्ट प्रथम कळली पाहिजे, आणि शांतारामांस ती लवकर कळली.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. शिक्षण फारसे झाले नाही. बालपणी काही काळ ते गंधर्व नाटक मंडळीत होते. पुढे हुबळीस त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात काम केले, आणि तेथेच पत्र्याच्या छपराखालील एका चित्रपटगृहात पडेल ते काम करता करता त्यांस हलत्या चित्रांचे वेड लागले. १९२० साली नात्यातील बाबूराव पेंढारकर यांच्यामुळे ते कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले. तेथील धनी बाबूराव पेंटर हे जातिवंत चित्रकार. चौकटीत काय घ्यावे आणि काय सोडावे, याचे धडे शांतारामांस त्यांच्यापाशी मिळाले. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनीच केली होती. आमच्या मुलांचा विषय शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या वाट्यास आला होता, तोही गाण्यावाचून.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांजबरोबर त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट निघाला, व १९३३ साली कंपनी पुण्यास आली. बोलपटाच्या आरंभीच्या त्या काळात गाणे म्हणजे मोठी अडचण असे. ध्वनिग्राहक यंत्र एका जागी, गाणारा त्याच्या जवळ, सारेच जखडलेले. त्यात श्रोत्यांस संगीत नाटकाची सवय, तेव्हा पदे रंगभूमीवर उभे राहून म्हटल्यासारखीच चित्रित होत. गाण्यासही एक पाहणारा डोळा असतो हे शांतारामांनी हळूहळू दाखवून दिले.

ते १९३३ साली जर्मनीस जाऊन आले होते. परतल्यावर काढलेल्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रात बळी देण्याची चाल बंद झाल्यामुळे क्रुद्ध झालेला राजगुरू आहे. हे काम हिंदीत चंद्रमोहन यांनी व मराठीत केशवराव दाते यांनी केले. दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाने शांतारामांनी राजगुरूचा एक डोळाच पडदाभर दाखविला. धर्माच्या नावाने चालणारी क्रूरता सांगण्यास तेथे भाषणाची गरज उरली नाही.

‘कुंकू’ (१९३७) मध्ये तर त्यांनी पार्श्वसंगीतच टाकून दिले. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावलेल्या नीरेच्या घरात जे जे ऐकू येते, त्याचा उगम त्याच घरात आहे. ग्रामोफोन आहे, भिंतीवर घड्याळ आहे. शांता आपटे यांनी त्यात लाँगफेलोची एक इंग्रजी कविता गायिली, आणि तिच्यामुळे नीरा ही शिकलेली, मानी मुलगी आहे हे चटकन ध्यानी येते. गीत कथेत कोठून आले हे ठाऊक असले म्हणजे कॅमेरा कोठे ठेवावा हा प्रश्न अर्धा सुटतो, असे आमचे मत आहे. ‘माणूस’ (१९३९) मध्ये त्यांनी त्या वेळच्या झाडाखालील प्रेमगीतांची थट्टाही करून घेतली. त्यातील पोलीस शिपाई झालेले शाहू मोडक हे अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातील. पडद्यावर मात्र त्यांनी पुष्कळदा श्रीकृष्ण साकारला, आणि लोकांनी तो प्रेमाने मानला.

१९४२ साली प्रभात सोडून शांतारामांनी मुंबईस राजकमल कलामंदिर स्थापिले. तेथील चित्रांची यादी आम्ही देत नाही. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ जवळ मात्र थांबलेच पाहिजे. सहा खुनी कैद्यांस उघड्या शेतावर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची ही कथा ग. दि. माडगूळकरांची, तिच्यामागे औंध संस्थानातील स्वतंत्रपूर येथील प्रयोग होता. कैदी पळून जाऊ पाहतात, पण त्या अधिकाऱ्याचे डोळे त्यांच्या मनासमोरून हलत नाहीत, आणि ते परततात. येथेही डोळाच मोठा करून दाखविला आहे, परंतु ‘अमृतमंथन’मधील डोळा भिववितो व हा डोळा विश्वास टाकतो. एकाच युक्तीचे असे दोन अर्थ तेवीस वर्षांच्या अंतराने एकाच मनुष्याने काढले. आम्हांस तर हे चित्र पाहताना उधळ्या पुत्राची वाट पाहणाऱ्या बापाची आठवण होते. त्यातील भरत व्यास यांनी रचलेली व वसंत देसाई यांनी चाल दिलेली प्रार्थना आज कितीतरी शाळांत म्हटली जाते. ती चित्रपटातील आहे हे पुष्कळ मुलांस ठाऊकही नसते. १९५८ साली बर्लिन येथे या चित्राचा गौरव झाला.

याच चित्रात बैलाशी झुंजण्याचा प्रसंग घेत असता शांतारामांच्या डोळ्यांस जबर इजा झाली, आणि काही काळ ते पट्ट्या बांधून अंधारात पडून होते. ज्याचे सारे आयुष्य पाहण्यात गेले, त्यास दृष्टीच राहील की नाही अशी भीती! दृष्टी राहिली, आणि १९५९ साली रंगांनी ओसंडणारे ‘नवरंग’ आले. त्यातील होळीच्या नृत्यात संध्याबाई एकट्याच स्त्री व पुरुष दोन्ही होतात. पुढून स्त्री, आणि वळल्या की पाठमोऱ्या बाजूस लावलेला पुरुषाचा मुखवटा. हे नृत्य बाजूने पाहिले तर सोंग उघडे पडेल; समोरून पाहिले म्हणजे मात्र दोन माणसे खरी वाटतात.

पुढे पुढे त्यांच्या चित्रांत भपका वाढला, गाणी सजावटीखाली दबली, हे आम्ही आदर राखून म्हणतो. १९७२ सालच्या ‘पिंजरा’त तमाशाच्या नादाने नाश पावणारा मनुष्य शाळामास्तरच आहे, याबद्दल आमची किंचित तक्रार आहे, पण डॉ. श्रीराम लागू यांचे काम पाहून ती विसरली जाते. १९८५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांस मिळाला. ३० ऑक्टोबर १९९० रोजी ते मुंबईस निवर्तले.

आमच्या त्या मुलांस आम्ही ‘दो आँखें बारह हाथ’ पाहावयास सांगितले. आपले गीत ती पुन्हा चित्रित करीत आहेत, आणि कॅमेरा कोठे ठेवावा हे या खेपेस गाणाऱ्या मुलाने ठरवावे असे त्यांचे ठरले आहे. अद्याप ते आमच्या हाती आलेले नाही.