कामगंध सापळ्यात मादी नसते, मग नर पतंग येतो कशाला? कोड्यामागे लागलेल्या फ्रेंच मास्तरांची गोष्ट

नांदेडच्या कापूस पट्ट्यात पिकाच्या थोडे वर, काठीला बांधलेले प्लास्टिकचे सापळे दिसतात. ते गुलाबी बोंडअळीच्या पतंगांसाठी. लातूरकडे तूर आणि हरभऱ्यात घाटेअळीसाठी लावतात. दोन्हींत मादी नसते. असते ते ल्युअर, म्हणजे मादीच्या गंधाचे रसायन मुरवलेला छोटा तुकडा. तरी नर अंधारात नेमके तिथेच येतात. असे का होते, याचा माग शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ज्याँ-आन्री फाब्र यांनी काढला. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना अनुदान.

फाब्र यांचा जन्म डिसेंबर 1823 मध्ये दक्षिण फ्रान्समधील एका गरीब घरात झाला. शिष्यवृत्तीवर शिकून ते शिक्षक झाले. पगारात घर भागेना, म्हणून त्यांनी मॅडर या वनस्पतीच्या मुळांतून लाल रंग काढण्याची सुधारित पद्धत शोधली. त्यात अनेक वर्षे गेली. हाती काही लागणार तोच जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग कारखान्यात बनवला आणि मॅडरचा धंदाच बसला.

पुढचा फटका अव्हिन्योंमध्ये बसला. तिथल्या सार्वजनिक वर्गात त्यांनी मुलींसमोर फुलांचे परागीभवन शिकवले. आज सातवीच्या पुस्तकात शोभेल असा हा धडा, पण धर्ममार्तंड खवळले. फाब्र यांना नोकरी सोडावी लागली, भाड्याचे घरही गेले. इंग्लंडचे विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी उसने पैसे दिले म्हणून कुटुंब तरले. पुढची काही वर्षे शालेय पुस्तके लिहून काढली. 1877 मध्ये कीटकांच्या मागे सोबत फिरणारा मुलगा ज्यूल वारला. 1879 मध्ये त्यांनी सेरीन्यां गावात दगडगोट्यांची, काटेरी झुडपांची पडीक जमीन घेतली. पिकाच्या दृष्टीने ती कुचकामी होती, पण कीटकांना तशीच जागा हवी असते.

याच घरात एका मे महिन्यात सकाळी ग्रेट पीकॉक या मोठ्या पतंगाची मादी कोशातून बाहेर आली. फाब्र यांनी ती जाळीच्या टोपलीखाली ठेवली. रात्री नऊच्या सुमारास धाकटा मुलगा पॉल ओरडत आला, खोलीत पतंगच पतंग झाले होते. त्या रात्री सुमारे 40 नर आले. आठ रात्रींत आकडा 150 वर गेला. हा पतंग त्या भागात दुर्मीळ, म्हणजे ते लांबून आले असणार.

मग चाचण्या सुरू झाल्या. काही नरांच्या मिशा कापल्या, तुलनेसाठी इतरांना नुसती खूण केली. निकाल गोंधळाचा आला, कारण मिशा शाबूत असलेलेही फारसे परतले नाहीत. या पतंगांचे आयुष्यच मोजक्या दिवसांचे. मादी हवाबंद डब्यात ठेवली की एकही नर येईना. खोलीत नॅप्थलीनचा उग्र वास भरला, तरी येत राहिले.

खरा उलगडा दुसऱ्या जातीच्या, ओक एगर पतंगाने केला. फाब्र यांनी मादी काचेखाली सहज दिसेल अशी ठेवली आणि ती आदल्या रात्री जिथे बसली होती ते रिकामे भांडे खोलीच्या दुसऱ्या टोकाला सरकवले. नर मादीवरून उडत गेले आणि रिकाम्या भांड्यावर झुंबड करून बसले. नर दिसण्यावर नाही, मागे राहिलेल्या गंधावर जात होते. आजच्या सापळ्याचे तत्त्व तेच.

तरी फाब्र यांना पूर्ण खात्री नव्हती. त्यांच्या नाकाला काहीच वास येत नव्हता आणि काही नर वारा पाठीशी घेऊन आलेले त्यांनी पाहिले होते. वाऱ्याने पलीकडे जाणारा वास त्यांना कळला कसा? पुढे दिसून आले की नराच्या मिशांवरचे हजारो सूक्ष्म केस ठरावीक रेणूच टिपतात. गंध मिळाला की नर वाऱ्याच्या उलट दिशेने पुढे सरकतो, तुटला की आडवे झोके घेत पुन्हा शोधतो.

फाब्र 11 ऑक्टोबर 1915 रोजी 91 व्या वर्षी गेले. 1959 मध्ये रेशीम पतंगाच्या सुमारे 5 लाख माद्यांपासून अडोल्फ ब्युटेनांट यांच्या गटाने पहिला असा गंध वेगळा काढला. ब्युटेनांट रसायनशास्त्रज्ञ होते आणि जर्मनच. गुलाबी बोंडअळीच्या गंधाची ओळख 1973 मध्ये पटली.

कपाशीत हेक्टरी 5 सापळे निरीक्षणासाठी लावतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात 8 किंवा जास्त पतंग आले, तर उपाय करण्याची वेळ आली असे धरतात. मात्र ल्युअर त्या-त्या किडीचेच हवे. बोंडअळीचे ल्युअर तुरीत टांगले, तर घाटेअळीचा नर त्याकडे फिरकत नाही.